समोरची खुर्ची

"मिशी काढून ये," केळुस्करसाहेब म्हणाले.

मी अजून पायरीवरच होतो. खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नव्हती. एस.टी.तून उतरून सड्याचं खडकाळ पठार चढून आल्यामुळे धाप लागली होती, आणि वाटभर जुळवत आणलेलं 'आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे' हे वाक्य तोंडातच राहिलं.

"मिशी?"

"तुझीच. मोरीत आरसा आहे, वस्तरा आहे. पाणी तापलंय."

"पण तिचं काय..."

"मायक्रोफोनला घासते."

एवढं बोलून ते आत गेले. मी पडवीत उभ्या असलेल्या इंदूताईंकडे पाहिलं. आम्ही ज्या स्पर्धेला बसणार होतो ती मोर्सची होती. सगळा कारभार ठिपक्यांचा आणि रेघांचा, पितळी खटक्यावर बोटांनी चालणारा. त्यात बोलायचंच नसतं, तर मायक्रोफोन कुठून येणार? हे विचारावं म्हणून मी मनात वाक्य बांधू लागलो. माझं नेहमी असंच होई. वाक्य बांधून होईपर्यंत ऐकणारा निघून गेलेला असे.

"काढा हो, वझे," इंदूताई म्हणाल्या. "विचार करत बसलात तर पाणी गार होईल."

मिशी माझ्या वडिलांसारखी होती, झुपकेदार, ओठ झाकणारी. तिच्याआड मला बरं वाटे. मोरीतल्या आरशात तिला निरोप दिला तेव्हा आतून एक अनोळखी, बावळट तोंड बाहेर आलं. त्यानंतर मी मिशी कधी ठेवली नाही. लोकांना वाटतं, आवड बदलली असेल.

केळुस्करसाहेब मूळचे वेंगुर्ल्याकडचे. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून गेलेलं. निवृत्त झाल्यावर ते समुद्राकाठी परत गेले नाहीत. आंबेखोलच्या या उघड्या सड्यावर बंगला बांधून राहिले, कारण इथे अँटेनाच्या आड झाडसुद्धा येत नव्हतं. हौशी रेडिओवाल्यांत त्यांचं नाव मोठं होतं. इंदूताई घारपुरे शाळेत गणित शिकवत. दोन दिवसांत जगभरची जास्तीत जास्त केंद्रं गाठायची, अशी ही स्पर्धा दोघं मिळून दर नोव्हेंबरात लढवत. त्यांचा तिसरा भिडू, बेळगावचे पिंटो, गेल्या वर्षी मुलाकडे कॅनडाला गेले होते. त्या जागी मी.

मी का, हे मला कळत नव्हतं. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. रेडिओवरचं हाती लागेल ते सगळं वाचलेलं, लायसन्सही मिळवलेलं. परीक्षेत ऐकून लिहून घ्यायचा कागद बिनचूक आला होता, पण पाठवायची वेळ आली तेव्हा हात असा थरथरला की परीक्षकांनी दया येऊन पास केलं. पुढे सेट विकत घेतला आणि रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून बसू लागलो. जगभरची माणसं एकमेकांशी बोलत, मी ऐके. स्वतः एकदाही खटका दाबला नव्हता. कोणाच्या मध्ये पडायचं, आणि पडून सांगायचं काय? एके दिवशी इंदूताई ग्रंथालयात आल्या, टेबलावर बोट आपटून म्हणाल्या, "परीक्षेत ऐकण्याचा बिनचूक कागद देणारे वझे ते तुम्हीच ना? दिवाळीनंतर सुट्टी काढा." मला वाटलं, दोऱ्या ओढायला आणि चहा करायला माणूस हवा असेल. तेवढं मला जमण्यासारखं होतं.

मिशी काढून मी आतल्या खोलीत गेलो. खिडकी पश्चिमेकडे, खाली थेट कोकणात उतरणारी दरी. टेबलावर सेट, त्याखाली बॅटऱ्यांची रांग. इथली वीज भरवशाची नव्हती म्हणून सेट बॅटरीवर चाले. शेजारी जुना लाकडी स्पीकर. केळुस्करसाहेब त्याच्या कापडी जाळीवर दोन बोटं टेकवून, डोळे मिटून बसले होते. आतून कुठल्यातरी दूरच्या केंद्राचं टिंटिं चाललं होतं. एखाद्या जुन्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवावा तसा त्यांचा हात होता. मला ते प्रेमाचं वाटलं.

मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायला गेलो.

"तिथे नाही. समोर." त्यांनी टेबलापलीकडची खुर्ची दाखवली. "हेडफोन तू घाल. डायल तुझ्या हाताशी आहे. ऐकायचं तू, पाठवायचं मी. तुझ्या हाताची कीर्ती माझ्यापर्यंत आलीय."

इंदूताई हसल्या. मीही हसलो, पण कान तापले.

"आणि आपण 'अनेक चालक' गटात आहोत," इंदूताई म्हणाल्या. "एकाने ऐकावं, दुसऱ्याने पाठवावं. नियमाची हरकत नाही. मी नोंदी करते आणि अँटेना फिरवते. बाहेरच्या खांबाला दोरी आहे, मोटार नाही. त्यामुळे माझे दंड बघून ठेवा, वझे, पुढच्या वेळी उद्धटपणा करताना उपयोग होईल."

मी जन्मात उद्धटपणा केला नव्हता हे त्यांना ठाऊक होतं.

केळुस्करसाहेबांनी टोपलीतलं एक मोसंबं घेतलं, खिशातून दाभण काढलं आणि मोसंब्यात आरपार खुपसलं.

"हे आपण." त्यांनी दाभणाच्या मुठीकडे बोट केलं. "आणि टोक निघालं तिथे नुसतं पाणी. पॅसिफिक. पण जरा सरकून एक बेट आहे. झाड नाही, माणसं थोडी, वारा भरपूर. तिथल्या हवामान केंद्रावर ओस्वाल्दो आहे. आपल्याकडे सूर्य बुडतो तेव्हा त्याच्याकडे उगवतो. तो थोडा वेळ असतो ना, तेवढ्यातच त्याचा आवाज इथे पोचतो. मग नाही."

"तुमचे मित्र?"

"कधी बघितला नाही. मी जहाजावर होतो तेव्हापासून दर स्पर्धेत एकदा भेटतो. त्याची ओळख, ती सी-ई अक्षरांनी सुरू होणारी, माझी ओळख, एक आकडा. झालं. गजाली नाहीत, गप्पा नाहीत. स्पर्धेत गजाली मारणारा माणूस मला चालत नाही, हे तूही लक्षात ठेव." ते दाभण पुसू लागले. "गेल्या वर्षी हुकला. आमच्यात माणूस गेला की त्याचा खटका थांबला म्हणतात. गेल्या वर्षी माझा थांबला असं त्याने धरलं असणार. की त्याचाच थांबला, तेही मला माहीत नाही."

"पत्र..."

"दोन टाकली. त्या बेटावर बोट मनात आलं तर जाते." दाभण खिशात गेलं. "नंबर आला नाही तरी चालेल. इंदूताईंना चालणार नाही, मला चालेल. मला ओस्वाल्दो पाहिजे."

"मला दोन्ही पाहिजे," इंदूताई म्हणाल्या.

शनिवारी पहाट फुटता फुटता स्पर्धा सुरू झाली. केळुस्करसाहेबांनी खटक्यावर 'आहे का कोणी' अशी हाक टाकली. त्यांचा हात काय सांगावा. ठिपका ठिपक्यासारखा, रेघ रेघेसारखी, आणि दोन्हींच्या मध्ये एक किंचित डोलणं, जहाजावर चालायची सवय झालेल्या माणसासारखं. हाक संपली. क्षणभर नुसती खरखर. आणि मग माझ्या कानांत धरण फुटलं.

चार वर्षं मी अशी गर्दी लांबून ऐकत आलो होतो. गर्दी दुसऱ्या कोणाच्या दारात असे. आज ती माझ्या दारात होती. जपानी, कोरियन, ऑस्ट्रेलियातले, सगळे एकदम आपापली ओळख ठोकत होते. जाड शीळ, बारीक शीळ, घाईची, आळसावलेली. माझं तोंड उघडं राहिलं.

"बोल," केळुस्करसाहेब म्हणाले.

"पुष्कळ आहेत."

"ते मला माहीत आहे. त्यातला एक बोल."

"एकाचं शेवटचं अक्षर कदाचित के होतं. पण नक्की..."

"के," ते म्हणाले आणि त्यांनी तेवढंच अक्षर पाठवलं. मी चमत्कार पाहिल्यासारखा ऐकत राहिलो. सगळी गर्दी गप्प झाली, आणि एकट्या त्या के-वाल्याने आपली पूर्ण ओळख दिली. मी ती मोठ्याने वाचली, इंदूताईंनी लिहिली, आकडा गेला, आकडा आला, संपलं. पुन्हा हाक, पुन्हा पूर.

"बघितलंस? अर्धं ऐकलं तर अर्धं बोलायचं," केळुस्करसाहेब म्हणाले. "पूर्ण कळायची वाट बघत बसलास तर गर्दी दुसऱ्या दारात जाते. चुकलं तर तो दुरुस्त करील. त्याला तुझ्यापेक्षा त्याचं नाव जास्त चांगलं येतं."

"आणि एकाच्याच मागे लागा," इंदूताई पेन्सिलीला टोक काढत म्हणाल्या. "बाजारात सगळ्यांचं ऐकलं तर भाजी मिळत नाही."

पुस्तकांत हे कुठेच नव्हतं. पुस्तकांत सगळं पूर्ण होतं. मी अर्धी नावं बोलू लागलो. प्रत्येक वेळी ते अर्धं नाव जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून पूर्ण होऊन परत येई. दुपारपर्यंत मी टेबलावर बोटांनी ताल धरत होतो. युरोप उघडला तेव्हा भूक लागल्याचं कळलं नाही. इंदूताईंनी थालिपिठाचा तुकडा माझ्या हातात दिला तो मी हातात धरूनच विसरलो. इतक्या लोकांना माझ्याशी बोलायचं होतं. माझ्याशी नव्हे, आमच्या केंद्राशी, हे मला कळत होतं. तरीही.

एकच गोष्ट खुपत होती. मी डायलकडे वाकून काही बोललो की केळुस्करसाहेब लक्षच देत नसत. दुपारी मी डायल फिरवत हळूच म्हणालो, "ते बेट जवळजवळ आपल्या पायाखालीच आहे. म्हणजे तिथून येणाऱ्या लहरी कुठल्याही दिशेने येऊ शकतात. अँटेना एकाच दिशेला धरून ठेवायला नको, असं मी वाचलं होतं." ते खिडकीबाहेर बघत बसले. मी वर पाहिलं तर म्हणाले, "मान वर ठेवून बोल. पुटपुटू नकोस." मी पुन्हा बोललो नाही. वाचलेलं त्यांना सांगायला मी कोण?

संध्याकाळ झाली. सूर्य दरीपलीकडच्या धुरकट पट्ट्यात उतरू लागला. केळुस्करसाहेब खुर्चीत पुढे सरकले. युरोपची गर्दी अजून दारात होती, तिच्यातून एकेक घेत आम्ही वाट पाहत होतो. आणि मग तिच्या तळाशी, पाण्याखाली नाणं दिसावं तसं काहीतरी मला लागलं. बारीक, थरथरती शीळ. सी. मग कदाचित ई. की एन? मी डोळे मिटले. आणखी एकदा येऊ दे, मग सांगतो. नक्की झालं की सांगतो.

आणखी एकदा आली नाही. सूर्य गेला. खरखर उरली.

केळुस्करसाहेब माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय ऐकलंस?"

"काही नाही. म्हणजे नक्की असं..."

"तुझे ओठ हलले."

मी हेडफोन मानेवर ओढले. म्हणालो, "सी. आणि पुढे ई असावं. पण मला खात्री नव्हती."

त्यांनी खटक्यावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "आहे म्हणजे तो."

"किंवा दुसराच कोणी असेल," मी म्हणालो.

"दुसरा असता तर तुझं तोंड असं झालं नसतं." ते उठले. "इंदूताई, भात लावा. उद्या एक संध्याकाळ आहे अजून."

पडवीत मी इंदूताईंना म्हणालो, "उद्या तुम्ही बसा ऐकायला. मी दोरी ओढतो. मला हे झेपणार नाही."

"मला मोर्स मुंगीच्या पावलाने येतं, वझे. बोलायच्या स्पर्धेत बसवा मला, मग बघा." त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला दोरी ओढायला आणलं?"

"मग?"

"दुपारी काय पुटपुटत होतात? लहरी कुठल्याही दिशेने येतात म्हणे."

"तुम्ही ऐकलंत?"

"मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येतं." आणि तांदूळ घेऊन आत गेल्या.

रविवारी मी वेगळाच झालो होतो असं म्हणायला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. पण चूक एकदा करून बसलं की तिची भीती थोडी कमी होते. दिवसभर मी अर्धी नावं बेधडक फेकत राहिलो. काही चुकली. एकदा मी फिनलंडच्या माणसाचं टोक एका रशियनाच्या डोक्याला लावलं आणि दोघांनीही एकदम उत्तर दिलं. केळुस्करसाहेब इतके हसले की खटक्यावर हातच चालेना.

"लग्न लावून दिलंस की रे त्यांचं," ते म्हणाले. "ग्रंथपाल, तुझ्या ग्रंथालयात पुस्तकं अशीच लावतोस काय?"

"तिथे मी दोन दिवस विचार करतो, मग लावतो."

मी हे बोललो. समोर बघून, मोठ्याने. इंदूताईंनी नोंदीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

सूर्य खाली येऊ लागला तशी खोलीतली हवा ताणली गेली. इंदूताईंनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "नोंदी तुम्ही करा. मी दोरीपाशी उभी राहते. खिडकी उघडी आहे. कुठे फिरवू ते ओरडा."

"ओरडू?"

"तोंडाने."

केळुस्करसाहेबांनी वरचा दिवा लावला. बाहेर अजून ऊन होतं, पण त्यांनी लावला, आणि समोर बसले.

हाक गेली. पूर आला. मी वरच्या लाटा सोडून दिल्या, जाड शिळा, घाईच्या शिळा, जर्मन, इटालियन. खाली, खाली. तिथे काहीच नव्हतं. पुन्हा हाक. पुन्हा खाली. दरीपलीकडे सूर्याची फक्त कड उरली होती.

आणि ती लागली. तीच थरथर.

"सी," मी म्हणालो. पुढचं अक्षर खरखरीत बुडालं. ई होतं की एन, मला माहीत नव्हतं. "सी-ई," मी मोठ्याने म्हणालो. "सी-ई असणार."

केळुस्करसाहेबांचा हात माझा शब्द संपण्याआधीच चालू लागला होता. सी-ई. बस, दोनच अक्षरं.

आणि गर्दी थांबली. सगळा युरोप, ज्यांना आमच्याकडे तास-तास वाट पाहावी लागत होती, ते सगळे हात उचलून उभे राहिले. त्या शांततेत मला माझा श्वास ऐकू आला. मग अगदी हळू, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूने एक माणूस आपलं नाव सांगू लागला. सी, ई, शून्य... आणि विरला.

"गेला," मी म्हणालो. "पुढची अक्षरं गेली."

"पुन्हा माग," केळुस्करसाहेब स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा मागितलं. थरथर आली, तीही अर्धीच.

मी खिडकीकडे तोंड करून ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो असेन. "इंदूताई, नैर्ऋत्येकडे! पूर्ण फिरवा!"

बाहेर दोरी करकरली. खांब कण्हला. शीळ वर येऊ लागली, आधी पातळ, मग भरीव, जणू दार उघडून कोणी खोलीत आलं. मी एकेक अक्षर म्हटलं, केळुस्करसाहेब माझ्याकडे टक लावून ऐकत होते, आणि शेवटचं अक्षर मी उच्चारलं तेव्हा त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"तोच," ते म्हणाले. "जिवंत आहे मेला."

त्यांनी आपली ओळख पाठवली, आकडा पाठवला. तिकडून आकडा आला. मी तो सांगितला, लिहिला. संपर्क पूर्ण झाला. स्पर्धेच्या रीतीने आता पुढच्याला बोलवायचं. पण ओस्वाल्दो थांबला नाही. शीळ चालूच राहिली. शब्दांमागे शब्द येत होते, सावकाश, गर्दीची पर्वा न करता.

"काहीतरी आणखी पाठवतोय," मी म्हणालो. "गेल्या वर्षी... वाट..."

त्याच क्षणी वीज गेली. दिवा विझला. सेट बॅटरीवर असल्यामुळे शीळ तशीच चालू होती, पण खोली काळी झाली. बाहेर पश्चिमेला तांबडी रेघ तेवढी उरली होती.

मी सांगत राहिलो. "वाट पाहिली. दोन्ही पहाटा... मग वाटलं..."

"काय झालं?" केळुस्करसाहेब म्हणाले. "का थांबलास?"

मी थांबलोच नव्हतो.

"वझे, थांबू नकोस रे. काय म्हणतो तो?"

"वाटलं की तुझा खटका..." मी आणखी मोठ्याने म्हणालो.

"अरे बोल ना." अंधारात त्यांचा हात टेबलावरून माझ्याकडे सरकत आला, चाचपडत, वस्तू हुडकावी तसा. "दिवा लावा कोणीतरी. इंदूताई, दिवा. मला दिसत नाहीये तो."

तो म्हणजे मी. मला दिसत नाहीये. समोरची खुर्ची, मान वर ठेवून बोल, तुझे ओठ हलले, आणि मोरीतल्या आरशासमोर गळून पडलेली माझी मिशी. सगळं एकदम, गर्दीतल्या सगळ्या शिळांसारखं, आणि मला त्यातलं प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

कंदील स्वयंपाकघरात होता. उठलो असतो तर ओस्वाल्दोचे शब्द गेले असते. विचार करायला वेळ नव्हता, नाहीतर मी केलाच असता. मी हेडफोनची वायर सेटमधून उपटली. शीळ लाकडी स्पीकरमधून खोलीत फुटली. आवाजाचं बटण मी जाईल तितकं वर नेलं. मग त्यांचा चाचपडणारा हात धरला आणि स्पीकरच्या जाळीवर ठेवला. कापड थरथरत होतं.

त्यांची बोटं क्षणभर तशीच राहिली. मग पसरली, टेकली, स्थिर झाली.

"वाटलं," केळुस्करसाहेब अंधारात म्हणू लागले, सावकाश, कापडावरून एकेक शब्द उचलत, "वाटलं तुझा खटका थांबला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अजून एक वर्ष थांब." बोटं कापडावरच होती. "बायको कधी केली याने? कधी सांगितलं नाही."

"स्पर्धेत गजाली नाहीत ना," मी म्हणालो. मग आठवलं की त्यांना ते ऐकू गेलं नसणार.

शीळ चालली होती. मी कानांनी ऐकत होतो, ते बोटांनी, आणि मी एकही अक्षर सांगितलं नाही.

"हात तोच आहे," ते वाचत होते. "कान नवे आहेत. पिंटोपेक्षा..." ते थांबले. हसले. "हे तू तुझ्या कानांनी ऐकलंस ना? मग मी सांगत नाही."

मी ऐकलं होतं. आजही मला ते सांगायला संकोच वाटतो.

"त्याला कळलं होतं तर," ते स्वतःशी म्हणाले. "पिंटोच्या वेळेपासूनच. उत्तर अर्धा ठोका उशिरा जातं माझं. मला वाटायचं, लपलंय."

मग त्यांनी डावा हात जाळीवरच ठेवून उजव्या हाताने खटक्यावर उत्तर दिलं. मोठं होतं. त्यात एकही आकडा नव्हता. बाहेर युरोपातले लोक वाट पाहत होते, आणि त्यांच्यातला एकही मध्ये बोलला नाही. ओस्वाल्दोची शीळ विरू लागली. शेवटचे दोन ठिपके खरखरीत बुडाले तरी केळुस्करसाहेबांचा हात बराच वेळ त्या कापडावर होता.

दार वाजलं. इंदूताई आत आल्या, हातांना दोरीचे वळ, पदर खोचलेला, आणि हातात पेटवलेला कंदील. त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, जाळीवरच्या हाताकडे पाहिलं, लोंबणाऱ्या वायरकडे पाहिलं.

"झाला?" एवढंच म्हणाल्या.

"झाला," मी म्हणालो.

"मग बसलाय काय दोघं? बाहेर अर्धा युरोप खोळंबलाय. माझा नंबर कोण आणणार?"

केळुस्करसाहेबांनी हात जाळीवरून उचलला, धोतराला पुसला आणि खटक्यावर ठेवला. मी वायर पुन्हा सेटमध्ये घातली, हेडफोन कानांवर ओढले. त्यांनी हाक टाकली. दारातली सगळी गर्दी एकदम कोसळली.

नोंदी पेन्सिलीसकट टेबलावर अंधारात पडल्या होत्या. इंदूताईंनी कंदील त्यांच्यावर धरला नाही. त्या माझ्या बाजूला आल्या, हात उंच केला आणि उजेड माझ्या तोंडासमोर आणला. डोळे दिपले. समोर काही दिसेना. त्या पिवळ्या उजेडापलीकडे कोणीतरी माझ्या ओठांकडे बघत होतं.

मला फक्त एक अक्षर लागलं होतं, तेही बहुधा. मी मान वर केली आणि ते मोठ्याने म्हणालो.